आजोबांच्या खोलीतल्या ‘राणीसाहेब’ नेमक्या कोण, आणि चित्र काढलं कोणी?

महालचा_नातू

नमस्कार मंडळी, प्रश्न थोडा वेगळा आहे, चालवून घ्या. महालातला आमचा जुना वाडा रिकामा करून राहिलो सध्या, मागची भिंत मागच्या पावसाळ्यात बसली, आणि माडीवर आजोबांच्या टेबलाच्या वर जी फ्रेम होती ती माझ्या वाट्याला आली. वाट्याला म्हणजे कोणालाच नको होती. एका बाईचा एका बाजूने काढलेला चेहरा आहे, मागे सगळं काळं, केसांवर मोत्यांची जाळी, गळ्यात मोती, लालसर तपकिरी कपडे. फोटो जोडला आहे, लाइट गेले होते तेव्हा काढला म्हणून असा आला. घरात सगळे तिला राणीसाहेब म्हणायचे, आम्ही पोरं समजायचो भोसल्यांच्या घरातली कोणी असेल. आजी तर दसऱ्याला बाकीच्या फोटोंसोबत तिलाही झेंडूची माळ घालायची.

आता खाली उतरवल्यावर पाहिलं तर खालच्या पट्टीवर बारीक इंग्रजीत छापलं आहे, ‘बिआत्रिचे देस्ते, लिओनार्दो दा विंची, मिलान’. मला वाटलं चला, विषय संपला. पण भाचीने मोबाईलवर शोधलं तर एका ठिकाणी लिओनार्दो, दुसरीकडे आंब्रोजो दे प्रेदिस (हे नाव मी जन्मात ऐकलं नव्हतं), तिसरीकडे नुसतं ‘लिओनार्दोच्या मंडळीतला कोणी’, आणि बाईची तर पाच नावं निघाली. म्हणजे पाचशे वर्षांत एवढंही ठरलं नाही का बाप्पा? माझे दोन प्रश्न, काढलं कोणी आणि बसली कोण. तिसरा प्रश्न काकांचा आहे की हे ओरिजनल असलं तर किती येतील, कारण कालपासून अचानक त्यांनाही फ्रेम पाहिजे झाली.

बर्डीचा_फ्रेमवाला

काकांचं आधी निपटवू. भिंग घ्या, शिक्के पाहायला लोक ठेवतात ते, आणि बाईच्या गालावर धरा. बारीक बारीक ठिपके एका रांगेत दिसले तर छापील आहे, विषय संपला. तुमच्या फोटोतही काचेच्या आत कागदाला लाट आलेली दिसून राहिली. ओरिजनल लाकडी फळीवर आहे, ५१ बाय ३४ सेंटिमीटरच्या आसपास, आणि ते मिलानच्या अंब्रोझियाना म्युझियममध्ये आहे, महालात नाही.

दुसरं, कानाजवळ ते पिवळं वलय दिसते ना, ती कूलरची ओल आहे. मी सीताबर्डीत इतकी वर्षं फ्रेमा करून राहिलो, नागपूरच्या घरातली निम्मी जुनी चित्रं मी कूलरच्या हवेत सडलेली पाहिली. मागचा जुना पुठ्ठा काढून टाका, तो कागदाला खातो. बाकी बाई कोण ते मला नाही माहीत, पण मोती झकास छापले आहेत.

चित्रकलेच्या_मॅडम

हे चित्र वर्गात दाखवून दाखवून माझं पाठ झालंय त्यामुळे जरा मोठं लिहिते, कंटाळा आला तर खाली सरका.

नातू दादा, तुमच्या पट्टीवर छापलेलं खोटं नाही, जुनं आहे. हे चित्र कार्डिनल फेदेरिको बोर्रोमेओ यांनी १६१८ मध्ये आपल्या संग्रहासकट अंब्रोझियानाला दिलं, आणि त्या देणगीच्या यादीत नोंद साधारण अशी आहे की मिलानच्या एका डचेसचं, म्हणजे ड्यूकच्या बायकोचं, कमरेपासून वरचं चित्र, लिओनार्दोच्या हातचं. बघा, ‘एका डचेसचं’. नाव नाही! नाव नंतर लोकांनी लावलं, कारण मिलानची डचेस म्हटलं की सगळ्यांना एकच आठवते ती म्हणजे पुढे मिलानचा ड्यूक झालेल्या लुदोविको स्फोर्झाची बायको बिआत्रिचे, आणि लुदोविकोच्या दरबारात लिओनार्दो होता, झालं, दोन अधिक दोन.

मग १९व्या शतकात जोव्हान्नी मोरेल्ली नावाचे चित्रं पारखणारे गृहस्थ आले आणि त्यांनी सांगितलं की हे लिओनार्दोचं नाहीच, हे दे प्रेदिसचं. जर्मनीत बर्लिनच्या म्युझियमचे बोडे होते ते उलट बाजूला, त्यांचं आणि मोरेल्लीचं तसंही पटत नव्हतं. पण हळूहळू पारडं मोरेल्लीकडे झुकलं आणि आज बहुतेक ठिकाणी प्रेदिसचं नाव दिसतं, कधी पुढे प्रश्नचिन्ह लावून.

हा प्रेदिस कोणी ऐरागैरा नव्हता बरं का. घरच चित्रकारांचं, त्याचा सावत्र भाऊ क्रिस्तोफोरो जन्मापासून मूकबधिर होता आणि पोथ्यांमधली बारीक चित्रं काढण्यात फार नावाजलेला. आंब्रोजो स्वतः स्फोर्झा दरबारात चेहरे काढायचा. २५ एप्रिल १४८३ ला मिलानमध्ये एका धार्मिक मंडळाने वेदीच्या चित्रासाठी करार केला, तेच ते खडकांमधली मेरी, त्या करारावर लिओनार्दोसोबत आंब्रोजो आणि त्याचा भाऊ एव्हान्जेलिस्ता दोघांचीही नावं आहेत. पैशावरून त्या कामाचं भांडण वीस वर्षांच्या वर चाललं, पण तो वेगळा धागा होईल.

मला स्वतःला हे प्रेदिसचंच वाटतं, आणि कारण तुमच्या फ्रेमवाल्या दादांनी नकळत सांगून टाकलं, मोती झकास आहेत. प्रत्येक मोत्यावर वेगळा चमकीचा ठिपका, जाळीचा धागा न धागा मोजता येतो, ही पोथीच्या पानावर काम करणाऱ्या घरातली सवय आहे. आणि कपाळापासून हनुवटीपर्यंतची कड बघा, सुरीने कापल्यासारखी. लिओनार्दोची सगळी धडपड ती कड विरघळवण्याची होती, गाल कुठे संपला आणि सावली कुठे सुरू झाली ते कळूच नये अशी. हा माझा अंदाज डोळ्यांवरून आहे, कागदावरून नाही, एवढं मान्य करते.

धंतोलीचा_शंकासुर

मॅडम नमस्कार, पण हे मोत्यावरून ठरवणं मला पटत नाही. बारीक काम आलं की प्रेदिस आणि धूसर काम आलं की लिओनार्दो, म्हणजे लिओनार्दोने कधी दागिना नीट काढलाच नाही का? आणि प्रेदिस कसा काढत होता हे तरी कशावरून ठरवलं, त्याचीच म्हणून जी चित्रं सांगतात ती पण कोणीतरी अंदाजानेच त्याच्या नावावर लावलेली असतील ना, म्हणजे एका अंदाजावर दुसरा अंदाज, तिसऱ्या मजल्यावर चौथा.

चित्रकलेच्या_मॅडम

शंका रास्त आहे, पण पाया अगदीच हवेत नाही. व्हिएन्नात सम्राट माक्सिमिलियानचं चित्र आहे, त्यावर प्रेदिसची सही आणि १५०२ साल आहे. ते पण एका बाजूने काढलेलं. सही आणि साल दोन्ही असलेलं त्याचं तेवढंच एक चित्र, त्यावरून बाकीची ताडून पाहतात. वॉशिंग्टनमध्ये बियांका मारिया स्फोर्झाचं आहे साधारण १४९३ चं, ते त्याचं धरतात, त्यात पण हाच प्रकार, बाजूचा चेहरा, दागिन्यांची बारीक मोजदाद, कड धारदार. पण तुमचं हे बरोबर की सहीचं एकच आणि ते सुद्धा दहाएक वर्षांनंतरचं, पुरुषाचं. म्हणून ते प्रश्नचिन्ह.

आणि दुसरा मुद्दा राहिला. बाजूने चेहरा काढायची पद्धत नाण्यांवरून, पदकांवरून आलेली, दरबाराला ती आवडायची कारण तीत माणूस पदासारखा दिसतो. लिओनार्दोने फ्लॉरेन्समध्ये असतानाच जिनेव्रा नावाच्या बाईचा चेहरा पाऊण वळवून काढला होता, आणि मिलानमध्ये १४९० च्या आसपास हातात एर्मिन (मुंगसासारखा पांढरा प्राणी) घेतलेल्या चेचिलिया नावाच्या मुलीला तर असं वळवलं की जणू कोणी दारातून हाक मारली. त्याच दोनचार वर्षांत तोच माणूस हे असं सपाट काढेल?

धंतोलीचा_शंकासुर

काढेल की! पॅरिसच्या लुव्र्ह म्युझियममध्ये इसाबेला देस्तेचं, म्हणजे बिआत्रिचेच्या बहिणीचं, खडूने काढलेलं चित्र आहे ना, लिओनार्दोच्या हातचं, १५०० च्या आगेमागे, त्यात तिचा चेहरा चक्क बाजूने आहे. खांदे समोर वळवलेत पण चेहरा नाण्यासारखा. गिऱ्हाइकाने सांगितलं बाजूने पाहिजे तर काय करणार. लग्नाच्या हॉलवर फोटोग्राफरला आत्या सांगते ना, माझा याच बाजूने काढ म्हणून. मी प्रेदिसच्या विरोधात नाही, पण ‘लिओनार्दो असं करत नव्हता’ हे वाक्य मला कधीच झेपत नाही, तो माणूस काय काय करत होता ते पाहता.

चित्रकलेच्या_मॅडम

हे मात्र मानलं. तो मुद्दा मी मागे घेते. मोत्यांचा नाही.

वंशावळवाल्या_काकू

मला चित्रकलेतलं ओ की ठो कळत नाही पण नातीगोती कळतात, चाळीस वर्षं लग्नं जमवून राहिले मी. तुम्ही सगळे लागले ‘काढलं कोणी’ च्या मागे, ‘बसली कोण’ कोणी सोडवलंच नाही. मंग ऐका.

मिलानची गादी होती जान गालेआझ्झोची, तो पोरगा, आणि कारभार सगळा त्याच्या काकाच्या हातात, तो लुदोविको. पुतण्याचं लग्न १४८९ मध्ये झालं नेपल्सच्या राजघराण्यातल्या इसाबेलाशी, आरागॉनच्या. म्हणजे खरी डचेस ती. मग १४९१ च्या जानेवारीत काकाने लग्न केलं फेरारातल्या बिआत्रिचेशी, पोरगी पंधरा वर्षांची. आणि बिआत्रिचेची आई नेपल्सच्या राजाची लेक, इसाबेला त्याच राजाची नात, म्हणजे मुलाची मुलगी. तर इसाबेला ही बिआत्रिचेची सख्खी मामेबहीण, आणि लग्नानंतर बिआत्रिचे, म्हणजे इसाबेलाची आतेबहीण, तिचीच चुलत सासू होऊन घरात आली! वयाने पाच वर्षांनी लहान सासू. एका वाड्यात दोघी, एक नावाची डचेस, दुसरीच्या नवऱ्याच्या हातात चाव्या. आता सांगा, वाड्यात भांडणं होणार नाही तर काय होणार.

मुद्दा असा की १४९४ च्या ऑक्टोबरात पुतण्या वारला, पंचविशीत (विष घातलं म्हणून लोक तेव्हाही कुजबुजले), तेव्हा कुठे काका ड्यूक झाला आणि बिआत्रिचे डचेस झाली. ती पुढे दोनच वर्षं जगली, १४९७ च्या जानेवारीत बाळंतपणात गेली, एकविसाव्या वर्षी. तर हे चित्र १४९० च्या सुमाराचं असेल आणि यादीत ‘मिलानची डचेस’ म्हटलं असेल तर ती बिआत्रिचे कशी काय? तेव्हा डचेस मामेबहीण होती!

अजून ऐका. बिआत्रिचेचं लग्न झालं त्याच महिन्यात तिच्या भावाचं, अल्फोन्सोचं, लग्न लावलं जान गालेआझ्झोच्या बहिणीशी, आन्ना मारियाशी. साटंलोटं! आपल्याकडे होतं तसंच्या तसं. तर ती आन्ना मारिया पण या चित्रासाठी उमेदवार आहे. आणि लुदोविकोची अनौरस मुलगी बियांका जोव्हान्ना, ती पण, तीही बिचारी १४९६ मध्ये लग्नाच्या वर्षातच गेली. पाच नावं दिसली म्हणता ना भाऊ, ती सगळी एकाच घरातली आहेत, म्हणून तर कपडे दागिने सारखे आणि म्हणून गोंधळ.

महालचा_नातू

काकू दंडवत!! हे मी आत्ताच आईला वाचून दाखवलं, ती म्हणते यांचं स्थळ कोणी सुचवलं होतं ते पण विचार.

चित्रकलेच्या_मॅडम

काकू, तुमचा डचेसचा मुद्दा जोरदार आहे पण एक भोक आहे त्यात. यादी १६१८ ची आहे, बायका १४९० च्या. सव्वाशे वर्षांनी लिहिणाऱ्याने ‘डचेस’ हा शब्द काटेकोर वापरला असेलच असं नाही, श्रीमंत बाई दिसली की लिहिलं डचेस, जसं नातू दादांच्या घरी राणीसाहेब.

मात्र ही बिआत्रिचे नाही याला दुसरा आधार आहे. तिचे नक्की असे चेहरे आपल्याकडे आहेत. लुव्र्हमध्ये जान क्रिस्तोफोरो रोमानोने घडवलेला संगमरवरी अर्धपुतळा, साधारण तिच्या लग्नाच्या वेळचा. मिलानच्या ब्रेरा म्युझियममध्ये वेदीचं एक मोठं चित्र आहे, त्यात नवरा आणि पोरांसकट गुडघे टेकून बसलीये, आणि तिथेही बाजूनेच दिसते, म्हणजे ताडून बघायला सोपं. (त्या चित्राचा चित्रकारही अजून ठरलेला नाही, त्याला नुसतं ‘स्फोर्झा वेदीवाला उस्ताद’ म्हणतात.) शिवाय तिच्या समाधीवरची क्रिस्तोफोरो सोलारीने कोरलेली मूर्ती, ती आता पाव्हियाच्या मठात आहे. या सगळ्यांत गोबरे गाल, भरलेली हनुवटी, लहान मुलीसारखा चेहरा. तुमच्या राणीसाहेबांच्या शेजारी ठेवून बघा, मला तरी दोघी एक वाटत नाहीत.

मेडिकल_चौक_निवृत्त

मोरेल्लींचं नाव निघालं म्हणून लिहितो. ते गृहस्थ शिकले होते डॉक्टरकी, चित्रकला नंतर. शरीररचनेचा अभ्यास केलेला माणूस, म्हणून त्यांची युक्ती पण तशीच, चेहरा, भाव, हात जोडून बसणं हे सगळं बाजूला ठेवा कारण ते तर शिष्यही गुरूचं बघून गिरवतो, तुम्ही कानाची पाळी आणि नखं बघा. तिथे चित्रकार डोकं न वापरता सवयीने हात चालवतो, आणि सवय लपत नाही. आम्ही विद्यार्थ्यांना सांगायचो तसंच, पेशंट काय सांगतो ते ऐका पण त्याची नखं स्वतः बघा.

मजा म्हणजे हे सगळं त्यांनी आधी खोट्या नावाने छापलं, इव्हान लेर्मोलिएफ म्हणून, जणू कोणी रशियन. अक्षरं फिरवून बघा, मोरेल्लीच आहे, मागे रशियन शेपटी लावली. कारण युरोपातल्या मोठमोठ्या गॅलऱ्यांना तुमच्या पाट्या चुकीच्या आहेत असं सांगायचं होतं.

आता नातू साहेब, तुमच्या प्रतीत कान तपासावा म्हटलं तर नेमकं तिथेच कूलरचं पाणी.

बर्डीचा_फ्रेमवाला

डॉक्टरसाहेब 😄 तेच तं मी पहिल्यांदा सांगितलं.

संगीत_सभा_रामदासपेठ

राणीसाहेबांच्या ‘नवऱ्या’ची गोष्ट कोणी सांगितली नाही अजून. त्याच अंब्रोझियानात एका तरुणाचं चित्र आहे, लाल टोपी, कुरळे केस, डोळे कुठेतरी लांब लागलेले. पूर्वी लोक म्हणायचे हा लुदोविको, म्हणजे ड्यूक, आणि ही बाजूची बाई त्याची बायको, म्हणजे बिआत्रिचे, जोडी आहे जोडी. दोन्ही चित्रं एकमेकांच्या आधारावर उभी होती, तो ड्यूक कारण ही डचेस, ही डचेस कारण तो ड्यूक.

मग १९०४-०५ मध्ये त्या तरुणाचं चित्र साफ केलं, वरचा जुना रंगाचा थर काढला, आणि खालून निघाला हात. हातात कागद. कागदावर संगीताच्या खुणा! ड्यूक कशाला नोटेशन धरून बसेल. तेव्हापासून त्याला ‘संगीतकार’ म्हणतात आणि आपल्या राणीसाहेब रातोरात नवऱ्यावाचून राहिल्या. माझ्या मते बिआत्रिचेचं नाव त्याच दिवशी पडायला पाहिजे होतं, पण छापखाने थोडीच थांबतात, तुमच्या पट्टीवर बघा अजून आहेच.

बरं तो संगीतकार कोण यावर पण भांडणं. कागदावर पुसटशी अक्षरं आहेत, ‘कांत’ आणि ‘आंग’ अशी, त्यावरून मिलान कॅथेड्रलचे गायनप्रमुख गाफुरिओ यांचं नाव पुढे आलं कारण त्यांच्या एका ग्रंथाचं नाव ‘आंजेलिकुम’ ने सुरू होतं. पण तो ग्रंथ छापला १५०८ मध्ये, आणि ते होते धर्मगुरू, चाळिशीकडे झुकलेले, आणि चित्रातल्या पोराच्या अंगावर धर्मगुरूचे कपडे नाहीत. दुसरं नाव आतालान्ते मिल्योरोत्ती, हा लिओनार्दोसोबतच फ्लॉरेन्सहून मिलानला आलेला वादक, आणि लिओनार्दोच्या स्वतःच्या एका यादीत ‘चेहरा वर उचललेला आतालान्ते’ असं चित्र नोंदलेलं आहे. पण चित्रातला तर चेहरा वर उचलत नाही ना! मी तरीही आतालान्तेच्या बाजूने, कारण वादकाची मान काम करताना वेगळी आणि फोटोला बसल्यावर वेगळी असते. हे कारण कोणत्याही कोर्टात टिकणार नाही हे मला माहीत आहे.

कोर्टाच्या_तारखा

कोर्टाचं नाव काढलं म्हणून आलो. वकील आहे, पाट्यांवर कधीच विश्वास ठेवू नये याचे दोन दाखले देतो.

एक, ती एर्मिनवाली चेचिलिया. १८०० च्या आसपास एका पोलिश राजपुत्राने इटलीतून घेऊन आईला दिली, आणि तिकडे कोणीतरी चित्राच्या वरच्या कोपऱ्यात रंगाने लिहून टाकलं, ‘ला बेल फेरोनिएर’, आणि लिओनार्दोचं नाव पण भलत्याच स्पेलिंगने. फेरोनिएर हे पॅरिसमधल्या वेगळ्याच चित्राचं नाव! आजही क्राकोवमध्ये ते चित्र बघायला गेलात तर ती चुकीची पाटी कोपऱ्यात तशीच आहे. आणि गंमत, चेचिलिया स्वतः काय म्हणाली बघा. १४९८ मध्ये इसाबेला देस्तेने, आपल्या बिआत्रिचेची मोठी बहीण, चेचिलियाला पत्र लिहिलं की तुझं लिओनार्दोने काढलेलं चित्र पाठव, मला बेल्लिनीच्या चित्रांशी ताडून पाहायचं आहे. चेचिलियाने पाठवलं पण कळवलं की आता ते माझ्यासारखं दिसत नाही, उस्तादाचा दोष नाही, मी तेव्हा फारच कोवळी होते. म्हणजे बसलेली बाई जिवंत असताना, आठदहा वर्षांतच, ‘ही मी वाटत नाही’ म्हणते, आणि तुम्ही पाचशे वर्षांनी पुतळ्याच्या गालावरून ओळख परेड घेऊन राहिले. ओळख परेडीवर उलटतपासणी घेतलीय मी, मॅडम, रागावू नका.

दोन, हा खास काकांसाठी. त्याच फेरोनिएरची दुसरी प्रत अमेरिकेत हान नावाच्या जोडप्याकडे होती. १९२० मध्ये त्यांना ती विकायची होती, तेवढ्यात जोसेफ डुव्हीन नावाच्या बड्या व्यापाऱ्याने चित्र न पाहताच सांगितलं की नक्कल आहे, खरं लुव्र्हमध्ये आहे. बाईंनी केला दावा, पाच लाख डॉलरचा. १९२९ मध्ये न्यूयॉर्कला ज्युरीसमोर चालला, रंगाचे थर, एक्सरे, तज्ज्ञांची फौज, आणि शेवटी ज्युरीचं एकमत झालंच नाही. डुव्हीनने ६०,००० डॉलर देऊन मिटवलं. चित्र पुढे कितीतरी वर्षं तिजोरीत, आणि २०१० मध्ये विकलं गेलं तेव्हा पाटी काय, ‘लिओनार्दोचा अनुयायी’. तरी पंधरा लाख डॉलर आले म्हणा, काकांना एवढंच वाक्य वाचून दाखवू नका.

धंतोलीचा_शंकासुर

वकीलसाहेब भारी. मला फक्त जोडायचं आहे की उलटा प्रकार पण होतो. काकूंनी नाव घेतलं ती बियांका जोव्हान्ना, तिचंच म्हणून चामड्याच्या पानावरचं एक चित्र, बाजूचाच चेहरा, १९९८ मध्ये न्यूयॉर्कला लिलावात ‘जर्मन, १९व्या शतकाची सुरुवात’ म्हणून बावीस हजार डॉलरच्या आत गेलं. नंतर ऑक्सफर्डचे मार्टिन केम्प म्हणाले हे लिओनार्दो, रेघा डाव्या हाताच्या आहेत, आणि पोलंडमधल्या एका स्फोर्झा ग्रंथातून पान काढलेलं असावं. बरेच जण मानायला तयार नाहीत. आणि २०१५ मध्ये इंग्लंडमधला नकली वस्तू बनवण्यासाठी जेलात जाऊन आलेला ग्रीनहाल्श नावाचा माणूस म्हणाला, अहो ते तर मी केलं, १९७८ मध्ये, आणि बसलेली पोरगी म्हणजे सुपरमार्केटच्या काउंटरवरची. त्याच्यावरही लोकांचा विश्वास नाही! म्हणजे एकाच चेहऱ्यासाठी ड्यूकची लेक आणि काउंटरवरची पोरगी, दोघी रांगेत. निकाल लागू नये असंच वाटते मला कधी कधी.

वंशावळवाल्या_काकू

काउंटरवरच्या पोरीचं काय वाईट आहे? तिचा पण चेहरा होताच ना.

चित्रकलेच्या_मॅडम

😄 काकू, बरोबर. वकीलसाहेब, चेचिलियाचं पत्र माझ्या लक्षात होतं पण ते असं माझ्यावरच वापरलं जाईल वाटलं नव्हतं. तरी एक फरक. चेचिलिया वयाबद्दल बोलत होती, बिआत्रिचेचे पुतळे आणि हे चित्र एकाच पाचसात वर्षांतले. तेवढ्यात गाल बसतात, नाक नाही बदलत.

नातू दादा, तुमच्या प्रश्नाला माझं उत्तर, सही करून देते. हात प्रेदिसचा, लिओनार्दोच्या शेजारी बसून काम केलेल्या माणसाचा, हे मी आठ आणे नाही, बारा आणे खात्रीने म्हणते. बाई बिआत्रिचे नाही हे चौदा आणे. ती कोण हे चार आणे सुद्धा नाही. आरागॉनच्या इसाबेलाकडे मन जातं, पण ते काकूंनी गोष्ट इतकी रंगवून सांगितली म्हणून जातं.

पुढच्या वेळी मुलांना घेऊन अजब बंगल्यात जाईन तेव्हा चित्रांच्या दालनात हेच करणार आहे, आधी पाटी झाकायची आणि मग विचारायचं.

महालचा_नातू

मंडळी खूप खूप धन्यवाद, अपडेट देतो. भिंगाने पाहिलं, ठिपकेच ठिपके. काकांना दाखवलं, ते म्हणाले मग तूच ठेव.

पण तुमचं वाचून मला किडा चावला की किमान हे तरी काढू की फ्रेम घरात आली कशी. आजोबांना जाऊन तीसच वर्षं झाली, पाचशे नाही. तर काका म्हणतात सिव्हिल लाइन्समधला एक साहेब देश सोडून गेला तेव्हा त्याच्या सामानाच्या विक्रीतून आजोबांनी घेतली. मोठी आत्या म्हणते अजिबात नाही, तिच्या शाळेच्या बक्षीस समारंभात तिला मिळाली होती आणि आजोबांनी ती आपल्या टेबलावर लावून टाकली, तिचा तो राग अजून आहे. आई म्हणते ती लग्न होऊन आली तेव्हा फ्रेम स्वयंपाकघराबाहेर होती आणि तिच्यात दुसरंच चित्र होतं, ज्ञानेश्वरांचं. तिघेही शपथेवर सांगून राहिले. वकीलसाहेब, घ्या उलटतपासणी.

मागचा पुठ्ठा काढला, आत एका जुन्या मराठी पेपरचा घडी घातलेला तुकडा होता, वाळवीने तारीख नेमकी खाल्ली आहे. नवीन पुठ्ठा लावायचा आहे, त्याच्यावर काय लिहू? आंब्रोजो दे प्रेदिस लिहू का प्रश्नचिन्ह लावून? आणि बाईच्या नावाच्या जागी काय?

बर्डीचा_फ्रेमवाला

पेन्सिलने लिहा, पेनाची शाई ओलीत पुढच्या बाजूला उतरते. आणि पेपरचा तुकडा फेकू नका, मागे पाकिटात टाकून द्या. फ्रेम शनिवारी आणा, रविवारी बंद आहे.

महालचा_नातू

आणतो. आत्या पण येतो म्हणते, तिला फ्रेमची मागची बाजू स्वतः पाहायची आहे, तिथे तिचं नाव असायला पाहिजे म्हणते.